मॉरिशसचा किनारा सायकलने : आधी वारा, मग नकाशा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या दोघा सायकलस्वार मित्रांनी अलिबागपासून रत्नागिरीपर्यंतचा कोकण किनारा सायकलने केला आहे, २०० किलोमीटरच्या दोन बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरी, वेळेत पूर्ण केल्या आहेत आणि आता ऑगस्टमध्ये आठवडाभर मॉरिशसला जाऊन किनाऱ्याच्या रस्त्याने त्या बेटाला पूर्ण फेरी मारण्याचा त्यांचा विचार आहे. ही फेरी एका दिवसात होईल का, ती कोणत्या दिशेने मारावी आणि सायकल कशी असावी, असे त्यांनी विचारले आहे. मी गेली अनेक वर्षे त्या बेटावर वेगवेगळ्या ऋतूंत रस्त्याची सायकल चालवत आलो आहे, म्हणून जे स्वतः अनुभवले आहे तेवढेच सांगतो.

फेरी एका दिवसात होते. किनाऱ्यालगतची वळणे किती घेता त्यानुसार अंतर दोनशे किलोमीटरच्या थोडे अलीकडे किंवा पलीकडे भरते आणि ज्याने बीआरएम केली आहे त्याला ते नवे नाही. परंतु माझा आग्रह असा आहे की, आठवड्याची आखणी या फेरीभोवती करू नका. त्या बेटाचा किनारा सगळीकडे सारखा नाही. आग्नेय आणि नैऋत्य बाजूचे रस्ते इतके सुंदर आहेत की, वेळेच्या धाकाने त्यांच्यावरून निघून जाणे म्हणजे त्यांना न पाहण्यासारखेच आहे, तर वायव्येकडचा मोठा भाग केवळ फेरी पूर्ण करण्यासाठीच सोसावा लागतो.

कोकणाशी तुलना केली तर पहिला फरक चढउतारांचा जाणवेल. कोकणात प्रत्येक खाडीशी रस्ता सड्यावरून खाली येतो आणि पुन्हा वर चढतो. आगरदांडा ते दिघी, वेसवी ते बागमांडले, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा फेरीबोटींच्या वेळा सांभाळाव्या लागतात. मॉरिशसमध्ये किनाऱ्यावर असे काही नाही. सगळ्या नद्यांवर पूल आहेत, किनारपट्टी बहुतेक ठिकाणी सपाट आहे आणि मोठे चढ हवे असतील तर मुद्दाम बेटाच्या आत वळावे लागते. बेट उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ४५ किलोमीटर एवढेच आहे. म्हणूनच नकाशा पाहून माणसाला ते सोपे वाटते, आणि मलाही ते तसेच वाटले होते.

तिथला खरा घाट म्हणजे वारा. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २० अंशांवर, म्हणजे मुंबई उत्तरेला जेवढी आहे जवळजवळ तेवढेच दक्षिणेला आहे आणि आग्नेयेकडून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात ते वर्षभर उभे असते. जून ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा आणि याच काळात हा वारा सर्वांत जोरकस असतो. बेटाच्या दक्षिणेकडून उच्च दाबाचे एखादे क्षेत्र सरकू लागले की सलग दोन-तीन दिवस वारा पडतच नाही. पहाटे तो तुलनेने शांत असतो, सकाळी नऊ-दहानंतर चढतो आणि दुपारभर तसाच राहतो. या एका गोष्टीवरून फेरीची दिशा, सुरुवातीचे ठिकाण आणि निघण्याची वेळ ठरवावी. बाकी सगळे त्याच्या मागून येते.

दिशेबद्दल बोलायचे तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरावे. मॉरिशसमध्ये, ब्रिटिश अमलाच्या वारशामुळे, वाहने आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डावीकडून चालतात. काट्यांप्रमाणे फिरले की समुद्र नेहमी डाव्या हाताला, आपल्याच बाजूला राहतो. थांबायला, फोटो काढायला किंवा किनाऱ्यावर उतरायला रस्ता ओलांडावा लागत नाही. परंतु दिशेपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न आहे तो सुरुवात कुठून करायची हा, आणि त्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही.

माझी पहिली पूर्ण फेरी मी आग्नेयेच्या माएबूर गावातून, विमानतळाजवळची सोय म्हणून, जुलै महिन्यात सुरू केली. सकाळी दक्षिण किनाऱ्याने पश्चिमेकडे जाताना वारा पाठीवर डावीकडून तिरपा येत होता, सायकल आपणहून पळत होती, आणि मी आनंदात दर तासाला ठरवल्यापेक्षा जास्त अंतर काटत होतो. पश्चिमेच्या डोंगरांच्या आडोशाने दुपारही बरी गेली. मग बेटाचे उत्तर टोक ओलांडून पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे वळलो, आणि शेवटचे साठ-सत्तर किलोमीटर, थकलेल्या पायांनी, दिवसभराचा चढलेला वारा तोंडावर घेत काढावे लागले. जुलैत तिथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि उष्णकटिबंधातला संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. अखेरच्या दोन तासांत मी निर्जन उसाच्या शेतांमधून अंधारात एका मंद दिव्याच्या भरवशावर आलो. काही वाईट घडले नाही, पण पुन्हा तसे करणार नाही आणि कोणालाही करू देणार नाही.

त्याच दिशेची तीच फेरी उत्तरेच्या ग्राँ बे गावातून सुरू केली तर सगळे उलटे होते. पूर्व किनाऱ्याचा समोरचा वारा पहाटेच्या शांत तासांत आणि ताज्या पायांनी निभावतो; माएबूरला पोहोचून पश्चिमेकडे वळेपर्यंत वारा चढलेला असतो, पण आता तो पाठीमागून तिरपा येऊन मदत करतो; आणि पश्चिम किनाऱ्याने उत्तरेला परतताना तो उजवीकडून, डोंगरांच्या आडून येतो. एवढ्या लहान बेटावर सुरुवातीची जागा बदलल्याने दिवसाच्या कष्टांत किती फरक पडतो, हे अनुभवल्याशिवाय पटत नाही.

ऑगस्टबद्दल माझे मत स्पष्ट आहे : सुट्टी हलवता येत असेल तर ती दिवाळीच्या आसपास घ्या. ऑक्टोबरमध्ये पाऊस फार कमी असतो, वारा मवाळ होऊ लागतो, दिवस साडेबारा तासांहून मोठा झालेला असतो आणि वादळांचा काळ अजून खऱ्या अर्थाने सुरू झालेला नसतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा उन्हाळा आणि चक्रीवादळांचा हंगाम आहे. त्यातही जानेवारी ते मार्चमध्ये, विमानाचे तिकीट परत न मिळण्याच्या अटीवर, केवळ सायकलसाठी जाऊ नये. ऑगस्टच नक्की असेल तर जरूर जा, कारण हवा थंड आणि आल्हाददायक असते; बेटावरचे हिवाळ्यातले सरासरी तापमान २० अंशांच्या थोडे वर आहे आणि किनाऱ्यावर ते आणखी दोन-तीन अंशांनी जास्त भरते. फक्त ऑगस्टात प्रकाशाचे तास अकराच्या आसपासच मिळतात, हे पूर्ण फेरीचा विचार करताना विसरू नका. एक लहानशी अनुकूल गोष्टही आहे. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते, त्यामुळे पुण्यात सहाला उठणारा माणूस तिथे पहिले काही दिवस आपोआप साडेचारला जागा होतो. सायकलस्वाराने हा लाभ पहिल्याच दिवशी उशिरा जागून घालवू नये.

आता रस्त्यांविषयी. मला एकच रस्ता निवडायला सांगितला तर मी पूर्वेच्या त्रू द'ओ दूसपासून आग्नेयेच्या माएबूरपर्यंतचा, चाळीस किलोमीटरच्या आसपासचा रस्ता निवडीन. त्रू द'ओ दूस सोडल्यावर सुरुवातीला रस्ता समुद्रापासून दूर, उसातून जातो आणि मग ग्राँद रिव्हिएर स्यूद-एस्त या बेटावरच्या सर्वांत लांब नदीच्या खोऱ्यात उतरून पूल ओलांडतो. त्या पुलानंतर या मार्गाचे रूप पालटते. उजवीकडे बाँबू नावाच्या रांगेचे हिरवे डोंगर थेट रस्त्यापर्यंत येतात, डावीकडे उथळ, शांत खाजण आणि त्याच्या पलीकडे प्रवाळभिंतीवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ दिसते, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्ता व गावे दाटीने बसलेली असतात. गावांची नावे दे फ्रेर म्हणजे दोन भाऊ आणि कात्र सर म्हणजे चार बहिणी अशी आहेत. ग्राँ साब्ल, बाँबू व्हिरियो, बुआ देझामुरेत ही गावे मागे पडत जातात. कुठे कांदळवन पाण्यात पाय टाकून उभे असते, कुठे रस्ता पाण्याच्या इतका जवळ येतो की भरतीच्या वेळी लाटेचा शिंतोडा टायरवर पडतो. वाटेत पॉइन्त द्यु दियाब्लला जुन्या फ्रेंच तोफा समुद्राकडे तोंड करून ठेवलेल्या आहेत. मराठी माणसाला या रस्त्यावर मुरूड ते श्रीवर्धन भागाची आठवण होते, फक्त इथे चढ फार कमी आहेत.

या पट्टीच्या दक्षिण टोकाला व्ह्ये ग्राँ पोर म्हणजे जुने बंदर आहे. १५९८ मध्ये डच प्रथम याच बाजूला उतरले आणि त्यांनी बेटाला नासाऊच्या मॉरिसचे नाव दिले. १६३९ मध्ये ऊसही त्यांनीच जावाहून इथे आणला, आणि आज सायकलस्वाराच्या दृष्टीने त्या बेटाची सर्वांत ठळक ओळख हाच ऊस आहे. त्याच्याविषयी पुढे सांगतो. याच समुद्रात ऑगस्ट १८१० मध्ये फ्रेंचांनी ब्रिटिश आरमाराला हरवले, पण त्याच वर्षाच्या अखेरीस बेट ब्रिटिशांच्या हाती गेले. हा रस्ता एका दिवसाची स्वतंत्र सफर म्हणून करावा : मुक्काम त्रू द'ओ दूस किंवा बेल मारला ठेवावा, पहाटे वाऱ्याच्या तोंडावर दक्षिणेला निघावे, माएबूरला न्याहारी करावी आणि वारा चढल्यावर तो पाठीशी घेऊन परत यावे. वाऱ्याविरुद्ध जाणे आणि वाऱ्याबरोबर परतणे हा नियम किनाऱ्यावरच्या प्रत्येक जाऊन-येऊन सफरीला लागू आहे.

माएबूरपासून सुइयाकपर्यंत दक्षिण किनाऱ्यालगत सलग रस्ता नाही. तिथला किनारा काळ्या बसाल्टच्या कड्यांचा आहे आणि मुख्य रस्ता प्लेन मान्यां, लेस्कालिए आणि रिव्हिएर देझांगीमार्गे आतून जातो. नकाशात किनाऱ्याकडे जाणाऱ्या ज्या पायवाटेसारख्या रेषा दिसतात, त्या बहुतेक साखर कारखान्यांच्या शेतांतील खडीच्या वाटा आहेत; २५ मिलिमीटरच्या टायरने त्यांच्या नादी लागू नये. हा तीसेक किलोमीटरचा टप्पा निमूटपणे पार करावा आणि सुइयाकला ग्री-ग्रीच्या कड्यावर थांबावे. बेटाभोवतीची प्रवाळभिंत इथे तुटलेली आहे, म्हणून बाकी किनाऱ्यावर दूरच फुटणारा समुद्र इथे थेट कड्यावर आदळतो. ऑगस्टमध्ये त्याचा आवाज रस्त्यावरूनही ऐकू येतो.

सुइयाकच्या पुढे रियाम्बेल, साँ फेलिक्स, बेल ओम्ब्र आणि बे द्यु काप असा रस्ता पुन्हा समुद्राला बिलगतो. या भागात रविवार सोडून इतर दिवशी सकाळी रहदारी इतकी विरळ असते की दोघांना शेजारी-शेजारी चालवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण रस्ता अरुंद आहे आणि गावातल्या बस वेगाने येतात. किनाऱ्यावर सुरूची झाडे आहेत, आपल्या कोकणातल्या सुरूबनांसारखीच. त्यांच्या सुया वाऱ्याने रस्त्याच्या कडेला साचतात, आणि त्यांच्याखाली बारीक प्रवाळवाळू असते. ओल्या सुयांवर ब्रेक दाबला की चाक सरकते. म्हणून कडेला चिकटून न चालता कडेपासून सुमारे पाऊण मीटर आत चालवावे. बे द्यु कापला मॅथ्यू फ्लिंडर्सचे स्मारक आहे. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा नकाशा करून मायदेशी परतणारा हा ब्रिटिश दर्यावर्दी १८०३ मध्ये दुरुस्तीसाठी इथे उतरला आणि युद्धकाळामुळे फ्रेंचांनी त्याला १८१० पर्यंत सोडले नाही.

बे द्यु कापनंतर लगेच माकोंदेचे वळण येते. कड्यात खोदलेला रस्ता समुद्रावर पुढे झुकल्यासारखा वळतो आणि तिथे प्रत्येक पर्यटकाची गाडी थांबते. दुचाकीच्या दृष्टीने इथे दोन धोके आहेत. पहिला, थांबलेल्या गाडीचे दार अचानक उघडते. दुसरा, कड्याच्या आड असताना वारा जाणवत नाही आणि वळणाच्या टोकाला तो एकदम अंगावर येतो. वेग आधीच कमी करावा, दोन्ही हात हँडलवर खाली ठेवावेत आणि फोटोसाठी थांबायचे असेल तर वळण पूर्ण ओलांडून मग थांबून चालत मागे यावे. खोल रिमची, म्हणजे उंच कडांची, चाके घेऊन जाऊ नका, असे मी याच जागेमुळे सांगतो. सपाट रस्त्यावर ती चाके जेवढा वेग देतात, त्यापेक्षा अधिक भीती ती अशा वळणांवर देतात.

यानंतर ल मोर्न ब्राबाँ समोर दिसू लागतो. ५५६ मीटर उंचीचा हा एकाकी कातळ पळून गेलेल्या गुलामांचा आश्रय होता, आणि २००८ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावर गुलामगिरी संपली; तो दिवस आजही तिथे सार्वजनिक सुट्टीचा आहे. मुख्य रस्ता डोंगराच्या जमिनीकडच्या बाजूने निघून जातो आणि फेरीच्या घाईत असलेले सायकलस्वार त्याच रस्त्याने पुढे जातात. तुम्ही तसे करू नका. द्वीपकल्पावर आत जाणारा काही किलोमीटरचा फाटा घ्या, कातळाच्या पायथ्याशी उतरा आणि थोडा वेळ बसा. त्या डोंगराकडे पाहताना माणूस गप्प होतो, हे मी माझ्याबरोबर आलेल्या प्रत्येकाच्या बाबतीत पाहिले आहे.

चढाची आवड असेल तर नैऋत्येचे वर्तुळ चुकवू नका. काज नॉयालपासून शामारेलचा चढ सुरू होतो. तो लांबीने फार नाही, पण नागमोडी वळणांवर तीव्र आहे आणि समुद्रसपाटीपासून थेट सुरू होत असल्याने पायांना तयारीची संधी मिळत नाही. वर शामारेल गावात थांबून रंगीत मातीचे टेकाड पाहता येते. तिथून दोन पर्याय आहेत. बळ असेल तर प्लेन शाम्पान्यपर्यंत, म्हणजे ७०० मीटरच्या वर, राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून चढत राहावे. नसेल तर शामारेलहून थेट बे द्यु कापकडे उतरावे आणि माकोंदे, ल मोर्नमार्गे काज नॉयालला परतावे. दुसरे वर्तुळ पन्नास किलोमीटरच्या आत आहे आणि माझ्या मते बेटावरची सर्वांत चांगली अर्ध्या दिवसाची सफर तीच. ते याच क्रमाने करावे, कारण काज नॉयालकडची वळणे उतरताना पर्यटकांच्या बस समोरून वळणे कापत येतात, तर चढताना आपला वेग कमी असल्याने त्यांना वाट देता येते. शिवाय किनाऱ्याचा भाग पाठीवरच्या वाऱ्याने आणि डावीकडच्या समुद्रासह पार होतो. २०२५ मध्ये लिएज-बास्तोन-लिएज ही बेल्जियममधली महिलांची, चढांसाठी प्रसिद्ध असलेली शर्यत मॉरिशसच्या किम ल कूरने जिंकली आणि त्याच वर्षी महिलांच्या टूर द फ्रान्समध्ये आघाडीवरच्या स्पर्धकाची पिवळी जर्सी घालणारी ती पहिली आफ्रिकी सायकलपटू ठरली. समुद्रकिनाऱ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या बेटाच्या पोटात असे चढ आहेत, हे सायकलस्वारांनी ध्यानात घ्यावे.

पश्चिमेला तामारिनपर्यंतचा रस्ता चांगला आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाजण आणि तामारिनजवळ जुनी मिठागरे. ग्राँद रिव्हिएर न्वारच्या घळीसमोर उजवीकडून वाऱ्याचे झोत येतात, तेवढे सांभाळावे. तामारिनच्या पुढे राजधानी पोर्ट लुईपर्यंतचा रस्ता किनाऱ्यापासून दूर, कास्कावेल आणि बाँबू गावांवरून जातो आणि कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ त्यावर वाहनांची रीघ असते. तो रविवारी पहाटे करावा किंवा टाळावा. याच पश्चिम भागात मराठी कुळांची वस्ती जुनी आहे. १८३४ नंतर करारावर आलेल्या मजुरांपैकी जे मुंबई बंदरातून गेले, त्यांत कोकणातले अनेक होते. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत विसर्जनाच्या मिरवणुका रस्त्यांवर असतात. काही वर्षी चतुर्थी ऑगस्टअखेरीस येते. तुमच्या तारखांत ती येत असेल तर त्या दिवशी सायकल ठेवून मिरवणुकीत सामील व्हा. महाशिवरात्रीच्या आधीचे काही दिवस मात्र पठारावरचे रस्ते टाळावेत, कारण ग्राँ बासँच्या गंगा तलावाकडे कावडी घेऊन चालत जाणाऱ्या भाविकांनी ते भरून जातात आणि तो रस्ता तेव्हा त्यांचाच असतो.

पोर्ट लुईत आप्रवासी घाट आहे. मजूर जिथे उतरत ती जागा २००६ पासून जागतिक वारसा आहे. शहरातून सायकलने जाण्यात आनंद नाही, म्हणून घाट पाहायचा तर वेगळा दिवस काढून बसने जावे. उत्तरेचा किनारा, म्हणजे त्रू ओ बिश, ग्राँ बे, पेरेबेर आणि लाल छपराच्या चर्चचे काप मालरो, हा सपाट आणि हॉटेलांनी भरलेला आहे. सकाळी आठच्या आत तो छान वाटतो, नंतर नाही. पूर्वेला रोश न्वारपासून बेल मारपर्यंतचा भाग मात्र मोकळा, लांब आणि वाऱ्याचा आहे.

आता उसाविषयी. तिथला तोडणीचा हंगाम साधारण जूनपासून डिसेंबरपर्यंत चालतो, म्हणजे तुमच्या ऑगस्टच्या सफरीत तो भरात असेल. कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्यांवर गळीत हंगामात सायकल चालवली असेल तर पुढचे सांगायला नको : शेताच्या तोंडाशी रस्त्यावर आलेला चिखल, पडलेली कांडी आणि पाचट, आणि भरलेल्या ट्रकच्या बाजूंना लोंबणारी उसाची टोके. अशा ट्रकला ओलांडू नये आणि तो आपल्याला ओलांडत असताना हँडल घट्ट धरावे, कारण तो पुढे गेला की अडलेला वारा एकदम लागतो. उभा ऊस चौकातली दृष्टीही अडवतो. शिवाय रस्त्यांच्या कडेला बऱ्याच ठिकाणी उघडी, खोल दगडी गटारे आहेत. बसला वाट देण्यासाठी अविचाराने डावीकडे उतरले तर चाक सरळ त्यात जाते. चौकांपेक्षा तिथे वर्तुळाकार चौक अधिक आहेत आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देण्याचा नियम वाहनचालक काटेकोरपणे पाळतात. आपल्याकडच्या सवयीने मध्ये शिरू नये. द्रुतगती मार्गांवर, ज्यांच्या क्रमांकाआधी एम हे अक्षर असते, सायकल नेऊ नये. नकाशाचे ॲप अनेकदा त्याच मार्गाने न्यायला पाहते.

खाण्यापिण्याची चिंता करू नका. सकाळी सहापासून गावोगावी डालपुरी मिळते. आतल्या चणाडाळीच्या पुरणामुळे ती आपल्याला ओळखीची वाटते आणि सोबतच्या रस्स्यासह दोन खाल्ल्या की पुढचे दोन तास निघतात. गातो पिमां हे तिखट डाळवडे खिशात टाकून नेता येतात. गावातल्या लहान दुकानाला क्रिओल भाषेत लाबुतिक म्हणतात. तिथे पाणी आणि केळी मिळतात, पण रविवारी दुपारनंतर बरीच दुकाने बंद होतात. दोन बाटल्या भरून ठेवाव्यात. हिवाळ्यातल्या वाऱ्यात घाम दिसत नाही, त्यामुळे पाणी कमी प्यायले जाते आणि दुपारी पायांत गोळे येतात.

सायकलबद्दल : तुमची नेहमीची रस्त्याची सायकलच न्यावी, २८ मिलिमीटरचे टायर लावावेत आणि मागे ३२ किंवा ३४ दातांचा मोठा गिअर असावा, नाहीतर शामारेलला उतरून चालावे लागेल. प्रत्येकी दोन ट्यूब, हातपंप, चेनची जोडकडी आणि डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाचा, सुटा हँगर सोबत ठेवावा, कारण तो हँगर तुमच्याच मॉडेलचा तिथे मिळेल असे धरून चालता येत नाही. समुद्राकडून येणारा खारा वारा चेन एका रात्रीत तांबूस करतो. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने सायकल पुसून चेनला तेल लावावे. पुढचा आणि मागचा दिवा दिवसाही चालू ठेवावा.

आठवड्याची आखणी मी अशी करीन : पहिले तीन दिवस पूर्वेला त्रू द'ओ दूसला राहून आग्नेयेचा रस्ता आणि बेल मारचा किनारा करावा, नंतरचे तीन दिवस नैऋत्येला ला गोलेतला राहून शामारेलचे वर्तुळ आणि सुइयाकपर्यंतचा किनारा करावा, आणि शेवटी, हवामान खात्याचा अंदाज शांत वाऱ्याचा असेल तरच, ग्राँ बेला रात्र काढून रविवारी पूर्ण फेरीला निघावे. पहाटे साडेचारला निघालात तर उजाडेपर्यंत पूद्र द'ऑरच्या पुढे असाल. त्या अंधारातल्या तासात गावांतले भटके कुत्रे मागे लागतात. तेव्हा वेग वाढवू नका, उतरून सायकल मध्ये धरली की ते थांबतात. दहाच्या आत माएबूर आणि दीडच्या आत ल मोर्न गाठता आले पाहिजे. दुपारी तीनपर्यंत तामारिन आले नाही तर फेरी तिथेच थांबवावी, सायकली गाडीत घालून ग्राँ बेला परत यावे आणि उरलेले पन्नासेक किलोमीटर पुढच्या भेटीसाठी ठेवावेत.